टाचदुखीचा एक पेपर: तीन महिन्यांचा आकडा आणि बारा महिन्यांचा

जर्नल क्लबला कोणता पेपर घेऊ, असा मेसेज दर महिन्याला एक-दोन तरी येतो. पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण आपल्याच विषयातला, आपल्याच गाइडने लिहिलेला आणि चोवीस आकृत्या असलेला पेपर उचलतात आणि तिथेच अडकतात. म्हणून या वेळी मीच एक पेपर सुचवते. विषय आहे टाचदुखी. मी स्वतः स्नायूंच्या प्रथिनांवर काम करते, फिजिओथेरपी माझा प्रांत नाही. पण हा पेपर लहान आहे, पद्धत स्वच्छ आहे, आणि चांगला असूनही तो चुकीचा वाचला जातो. असे पेपर शिकायला सगळ्यात उपयोगी.

आधी आजाराबद्दल थोडं. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, चार पावलं चाललं की जरा सैल पडतं, आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणकतं. घरात कोणाला तरी हे झालेलं तुम्ही पाहिलं असेलच. याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टी असते, ती प्लांटर फॅशिया. नावातलं 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. पण २००३ साली लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा दाहाच्या खुणा दिसल्या नाहीत, दिसली ती ऊतीची झीज. तेव्हापासून बरेच संशोधक 'फॅसिओपॅथी' म्हणतात. दवाखान्यात मात्र जुनंच नाव चालतं. (शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेले रुग्ण हे सगळ्या रुग्णांचं प्रतिनिधित्व करतात का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर छान. तो वहीत लिहून ठेवा.)

आता पेपर. डेन्मार्कचे मिकाएल रॅथलेफ आणि सहकारी, 'स्कँडिनेव्हियन जर्नल ऑफ मेडिसिन अँड सायन्स इन स्पोर्ट्स', २०१५. रुग्ण ४८. सोनोग्राफीत फॅशिया ४ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दिसली तरच घेतलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. बुटात घालायचे इनसोल दोन्ही गटांना दिले. एका गटाला फॅशियाचं स्ट्रेचिंग: बोटं हाताने मागे ओढायची, दहा सेकंद धरायची, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसऱ्याला जड व्यायाम, एक दिवसाआड. पायरीच्या कडेवर एका पायाने उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला बारा वेळाच जमेल एवढं वजन, मग दोन-दोन आठवड्यांनी वजन वाढवत दहा आणि शेवटी आठ वेळा. वजन कसं वाढवायचं? पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरून. हे मला फार आवडलं. जिमची फी नाही, मशीन नाही.

टॉवेल का? १९५४ मध्ये हिक्स यांनी दाखवलं होतं की बोटं वर वळली की फॅशिया ताणली जाते आणि पायाची कमान उचलली जाते. त्यांनी त्याला विंडलास म्हटलं. विंडलास म्हणजे आपला रहाट. दोर रहाटावर गुंडाळला जावा तशी फॅशिया बोटांच्या सांध्यांवर गुंडाळली जाते. म्हणजे टॉवेलवर बोटं वळवून टाच उचलली की पोटरीबरोबर फॅशियावरही भार येतो. टाचेमागच्या अ‍ॅकिलिस टेंडनच्या दुखण्यात जड व्यायामाचा उपयोग होतो हे १९९०च्या दशकापासून माहीत होतं. मग तेच फॅशियाला का लागू करू नये? प्रश्न रास्त होता आणि प्रयोगाची आखणीही नेटकी.

निकालावर येऊ. मोजमाप होतं फूट फंक्शन इंडेक्स. त्यात २३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते १०, म्हणजे जास्तीत जास्त २३०. आकडा मोठा तितका त्रास जास्त. तीन महिन्यांनी जड व्यायामाच्या गटाचा आकडा स्ट्रेचिंग गटापेक्षा २९ ने कमी होता. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ६ ते ५२, पी-व्हॅल्यू ०.०१६.

बहुतेक लोकांचं वाचन इथे संपतं. 'स्ट्रेचिंग सोडा, वजन उचला' असे व्हिडिओ या एका ओळीवर उभे आहेत. पण अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये पुढची ओळही आहे, लेखकांनी काही लपवलेलं नाही. एक महिना, सहा महिने आणि बारा महिने, या तिन्ही वेळी दोन गटांत फरक नव्हता. बारा महिन्यांनी जड व्यायामाचा गट २२ वर (इंटरव्हल ९ ते ३६), स्ट्रेचिंगचा गट १६ वर (० ते ३२). नुसता आकडा पाहिला तर स्ट्रेचिंगवालेच किंचित पुढे. अर्थात तो फरक काही सांगण्याइतका नाही, आणि 'शेवटी स्ट्रेचिंगच जिंकलं' असं म्हणणं हीसुद्धा तीच चूक उलट्या दिशेने.

आता मला काय खटकतं ते सांगते. आणि काय खटकत नाही तेही.

तीन महिन्यांचाच आकडा मुख्य का धरला, हे खटकत नाही. 'प्रायमरी एंडपॉइंट' म्हणून तीन महिने त्यांनी जाहीर केले होते. चार वेळा मोजून जिथे फरक दिसला तिथे बोट ठेवलं, असा आरोप इथे करता येत नाही. जर्नल क्लबमध्ये असा आरोप करायची एक खुमखुमी असते. आधी नोंदणी बघा, मग बोला.

खटकते ती २९ या आकड्याची रुंदी. २३० पैकी २९ म्हणजे शंभरातले साडेबारा. लँडॉर्फ आणि रॅडफर्ड यांनी २००८ मध्ये काढलं की या इंडेक्सवर शंभरातले साधारण ७ गुण फरक पडला तर रुग्णाला तो स्वतःला जाणवतो. साडेबारा त्याहून जास्त आहे, छान. पण इंटरव्हलचं खालचं टोक ६, म्हणजे शंभरातले अडीचच्या आसपास. आणि वरचं टोक ५२, म्हणजे साडेबावीस. म्हणजे हा पेपर म्हणतोय की खरा फायदा 'रुग्णाच्या लक्षातही येणार नाही' पासून 'आयुष्य सुकर झालं' पर्यंत कुठेही असू शकतो. दोन्ही गट मिळून ४८ माणसं असली की यापेक्षा बारीक उत्तर मिळत नाही. पी ०.०१६ वाचून मान डोलावण्याआधी इंटरव्हलची दोन्ही टोकं शंभरावर आणून बघायची सवय लावून घ्या. दोन मिनिटांचं गणित आहे.

दुसरं, यंत्रणेची गोष्ट. व्यायामाने फॅशियावर भार येतो, भारामुळे कोलॅजन तयार होतं, ऊती सुधारते, दुखणं जातं. ऐकायला सुरेख. पण त्यांनी फॅशियाची जाडीही मोजली होती आणि त्यात दोन गटांत फरक सापडला नाही. खरं तर दुय्यम मोजमापांपैकी एकातही सापडला नाही. म्हणजे तीन महिन्यांचा फायदा खरा धरला तरी तो या वाटेने आला याचा पुरावा या पेपरात नाही. आम्ही पेशी-प्रथिनंवाले या सापळ्यात जास्त अडकतो, कारण यंत्रणा पटली की परिणामही पटतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती या पेपराची चूक नाही, मर्यादा आहे. दोन्ही गटांना काहीतरी दिलेलं आहे. काहीच न केलेला गट नाही. दोन्ही गट वर्षभरात सुधारले, पण त्यातलं व्यायामामुळे किती, इनसोलमुळे किती आणि नुसत्या दिवस जाण्यामुळे किती, हे या आखणीतून सांगता येत नाही.

इथे जरा मागे जाऊ. स्ट्रेचिंगची कीर्ती ज्या पेपरवर उभी आहे तो अमेरिकेतल्या डीजोव्हानी आणि सहकाऱ्यांचा, २००३ चा. दहा महिने किंवा जास्त दुखणं असलेले १०१ रुग्ण. एका गटाला फॅशियाचं स्ट्रेचिंग, दुसऱ्याला पोटरी-अ‍ॅकिलिसचं. आठ आठवड्यांनी फॅशियावाला गट दुखण्याच्या काही प्रश्नांवर पुढे. पण आठ आठवड्यांनी प्रश्नावली परत केलेले रुग्ण ८२ होते. फॅशियाच्या गटातले ४६, अ‍ॅकिलिसच्या गटातले ३६. गळती दोन्हीकडे सारखी नाही. जे गेले ते बरे झाले म्हणून गेले, की कंटाळून? कोणत्याही दिशेने उत्तर असेल तरी तुलना हलते. चिठ्ठ्या टाकून जो समतोल मिळवला, तो अशा गळतीने जातो. म्हणूनच 'इन्टेन्शन टु ट्रीट' नावाची गोष्ट आहे: ज्याला ज्या गटात टाकलं त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजा, मधे काहीही होवो.

याच रुग्णांचा दोन वर्षांनंतरचा पेपर २००६ मध्ये आला. त्यातला '९२ टक्के समाधानी' हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो आकडा ६६ जणांचा आहे. आणि आठ आठवड्यांनंतर अ‍ॅकिलिसच्या गटालाही फॅशियाचंच स्ट्रेचिंग दिलं होतं. म्हणजे दोन वर्षांपाशी तुलना करायला दुसरा गट उरलाच नव्हता. ते ९२ टक्के खरे असतील, पण ते स्ट्रेचिंगमुळे, हे वाक्य त्या पेपरातून निघत नाही.

याच्या उलट एक पेपर बघा जो कोणी शेअर करत नाही. ऑस्ट्रेलिया, २००७, रॅडफर्ड आणि सहकारी. ९२ रुग्ण, दोन आठवडे. एका गटाला पोटरीचं स्ट्रेचिंग आणि खोटं अल्ट्रासाउंड, म्हणजे मशीन आहे पण उपचार नाही. दुसऱ्याला फक्त खोटं अल्ट्रासाउंड. सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं १०० मिलिमीटरच्या रेघेवर मोजलं. स्ट्रेचिंगच्या गटात ते १९.८ ने कमी झालं. हा एवढाच आकडा तुम्हाला कोणी दाखवला तर तुम्ही म्हणाल, वा. पण फक्त खोट्या मशीनच्या गटातही ते १३.२ ने कमी झालं. दोन्हीतला फरक, आवश्यक दुरुस्त्या करून, ७.९, इंटरव्हल १८.३ च्या फायद्यापासून २.६ च्या तोट्यापर्यंत. आणि रुग्णाला जाणवेल असा फरक त्याच लँडॉर्फ-रॅडफर्ड यांच्या हिशोबाने १९ मिलिमीटर. इंटरव्हलचं चांगल्यातलं चांगलं टोकसुद्धा तिथे पोचत नाही. दोन आठवडे फारच कमी, असा आक्षेप घेता येतो आणि तो योग्यही आहे. पण १३.२ चा आकडा विसरू नका. माणूस दुखणं अगदी शिगेला पोचल्यावरच अभ्यासात नाव देतो. त्यानंतर ते आपोआप थोडं उतरतंच. त्याला संख्याशास्त्रात रिग्रेशन टु द मीन म्हणतात, आणि कंट्रोल ग्रुप नसला की ते सगळं श्रेय उपचाराच्या खात्यात जमा होतं.

'बरं होतंच की वर्षभरात' असंही म्हणतात. तेही तपासून घ्या. २०१८ मध्ये डेन्मार्कच्याच हान्सेन आणि सहकाऱ्यांनी १७४ रुग्ण पाच ते पंधरा वर्षांनी पुन्हा तपासले. एका वर्षानंतर दुखणं असण्याची शक्यता ८०.५ टक्के, पाच वर्षांनी ५०, पंधरा वर्षांनी ४४. धक्का बसतो ना? पण हे रुग्ण तज्ज्ञांकडे पाठवलेले, म्हणजे लवकर बरे न झालेलेच. जे चार महिन्यांत बरे झाले ते तिथवर गेलेच नाहीत. वहीत लिहिलेला प्रश्न आठवतोय?

हे सगळं मी का उकरतेय? आमच्या मेसच्या काकू पहाटे पाचपासून ओट्यापाशी उभ्या असतात. टाच आठ महिन्यांपासून दुखते. एका ठिकाणी त्यांना मशीनच्या दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं, पैसे आधी भरायचे. "तू संशोधन करतेस ना गं, मग सांग, भरू का?" अशा प्रश्नाला 'पुरावा संमिश्र आहे' हे उत्तर देता येत नाही. त्यांच्या दहा फेऱ्या म्हणजे दहा दुपारी, आणि दुपारी त्या संध्याकाळची पोळीची कणीक मळतात.

तर पुरावा त्यांच्या बाजूने वाचू. मशीन अल्ट्रासाउंडचं असेल तर २०१८ चा कात्झाप आणि सहकाऱ्यांचा पेपर आहे: ५४ रुग्ण, सगळ्यांना स्ट्रेचिंग, अर्ध्यांना खरं अल्ट्रासाउंड आणि अर्ध्यांना खोटं. आठ बैठकांनंतर खऱ्याचा जास्तीचा फायदा दिसला नाही. तुलना नेमकी हवी तशी आहे, एकच गोष्ट बदललेली. पॅकेजला नाही म्हणायला मला एवढं पुरेसं वाटलं, आणि मी तसंच सांगितलं. सोबत हेही की अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, कारण प्रत्येक टाचदुखी ही हीच नसते, आणि ते मी ओळखू शकत नाही.

मग व्यायाम सांगायचा का, आणि कोणता? इथे कथेचा पुढचा भाग येतो आणि माझ्या मते रॅथलेफ यांच्या पेपरइतकाच तो वाचायला हवा. ओल्बोर्गचे हेन्रिक रील, आणि सोबत रॅथलेफ स्वतः, यांनी काम पुढे नेलं. २०१९ मध्ये ७० रुग्णांवर तपासलं की ठरवून दिलेलं वजन वाढवण्याचं वेळापत्रक चांगलं, की 'तुम्हाला जमेल तेवढं जड, जमेल तितक्या वेळा' असं रुग्णावर सोपवणं. फरक सापडला नाही. २०२३ मध्ये १८० रुग्ण, तीन गट. पहिल्याला फक्त सल्ला आणि टाचेखाली ठेवायचा हील कप. दुसऱ्याला ते अधिक जड व्यायाम. तिसऱ्याला ते दोन्ही अधिक स्टेरॉइडचं इंजेक्शन. बारा आठवड्यांनी तिसरा गट पहिल्यापेक्षा ९.१ गुणांनी पुढे होता, इंटरव्हल १.३ ते १६.८. त्या शंभराच्या मापावर रुग्णाला जाणवणारा फरक साधारण १४ धरतात, म्हणजे पी-व्हॅल्यू जिंकली आणि टाच जेमतेम. आणि नुसता व्यायाम? तो फक्त सल्ला आणि हील कपपेक्षा सरस ठरला नाही.

ज्या गटाने जड व्यायामाची कल्पना प्रसिद्ध केली, त्यांनीच आठ वर्षांनी जवळजवळ चौपट रुग्ण घेऊन, अखेर व्यायाम नसलेला गट ठेवून ती तपासली, आणि निकाल आपल्या बाजूने नसताना छापला. याला मी खूप मान देते. पण बारकावा सोडू नका: २०१५ चा प्रश्न 'स्ट्रेचिंगपेक्षा जड व्यायाम बरा का' हा होता. २०२३ चा प्रश्न 'सल्ल्यावर व्यायामाची भर घालून काही मिळतं का' हा. दुसऱ्याने पहिला खोटा ठरत नाही. व्यायामाची पद्धतही तीच नव्हती. "२०२३ ने २०१५ खोडून काढलं" असं कोणी स्लाइडवर लिहिलं तर हात वर करा.

शिवाय 'फक्त सल्ला' हा शब्द फसवा आहे. कधी आणि किती वेळ उभं राहायचं, दुखणं वाढवणारं काम कसं वाटून घ्यायचं, पायात काय घालायचं, हे नीट समजावणं हा उपचारच आहे. २०२१ मध्ये मॉरिसी आणि सहकाऱ्यांनी आधीचे प्रयोग, तज्ज्ञांच्या मुलाखती आणि रुग्णांची मतं एकत्र करून मार्गदर्शिका काढली, तिच्या गाभ्यातही टेपिंग आणि फॅशियाच्या स्ट्रेचिंगच्या बरोबरीने तिसरी गोष्ट म्हणून रुग्णाला नीट समजावून सांगणं आहे. आपल्याकडे ओपीडीत त्यालाच सगळ्यात कमी वेळ मिळतो.

काकूंनी शेवटी घरात मऊ तळाची चप्पल घालायला सुरुवात केली, कणीक खाली बसून मळतात, आणि उठण्याआधी बोटं मागे ओढतात. सॅकमध्ये पुस्तकं भरून पायरीवर उभं राहणं त्यांना हास्यास्पद वाटलं. यामुळे त्यांची टाच बरी झाली का, हे मी सांगणार नाही. एका माणसाचं काय झालं त्यावरून तुम्ही काय काढाल हे मला माहीत आहे.

पण त्यांच्यामुळे एक प्रश्न उरतो, आणि सिनॉप्सिस लिहिणाऱ्या फिजिओथेरपी किंवा शरीरक्रियाशास्त्राच्या कोणाला तो हवा असेल तर घ्या. इनसोल आणि हील कप बुटात बसतात. डेन्मार्कच्या प्रयोगांत प्रत्येक गटाला त्यांतलं एकतरी मिळालं आहे. घरात अनवाणी फरशीवर आठ-दहा तास उभ्या असणाऱ्या बाईच्या बाबतीत तो 'सगळ्यांना दिलेला' उपचार आधी कुठे बसवायचा? असा प्रयोग आखलात तर तुमच्या कंट्रोल ग्रुपला नेमकं काय द्याल, ते खाली लिहा. आकडा नको, फक्त कंट्रोल ग्रुप.